विजयमालाच्या बोटातली हाक

मित्रांनो, मी चरबीचा एक जुना कण आहे. इतका लहान, की नुसत्या डोळ्यांनी मी कुणाला दिसणार नाही. निरवांगीत डाळिंबाची बाग करणाऱ्या विजयमालाच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात, एका पेशीच्या भिंतीत मी राहतो. इथं उजेड नाही. बाहेरचं बोलणं हाडातून घुमत येतं, स्पर्श कातडीतून कळतो, तेवढंच.

करडईच्या तेलातून मी तिच्या पोटात आलो. पुढं माझं रूप बदललं आणि रक्ताबरोबर वाहत मी या भिंतीत येऊन बसलो. माझी भावंडं इथं दाटीवाटीनं बसली आहेत. आमचं काम वाट पाहण्याचं.

एकदा छाटणी करताना तिला काटा लागला. लगेच विकरं, म्हणजे पेशीतली एन्झाइम्स, कात्रीसारखी भिंतीवरून फिरली आणि काही भावंडांना कापून घेऊन गेली. त्यांचं रूप पालटलं आणि त्यांच्यातून हाक उठली, ‘या! इकडं या!’ बोट तापलं, सुजलं. रक्तातून पांढऱ्या पेशी धावत आल्या आणि जंतूंना गिळू लागल्या. मग आणखी काही भावंडं गेली. त्यांची हाक निराळी होती, हळू. ‘पुरे. आवरा आणि परत फिरा.’ पेशी परतल्या. बोट बरं झालं.

पुढच्या हिवाळ्यात मात्र काटा नसतानाच हाक उठली.

“अहो, सकाळी उठल्यावर मूठच मिटंना झालीया,” विजयमाला नवऱ्याला म्हणाली.

“काटाबिटा लागला आसंल,” हिंदुराव म्हणाले.

“दोनी हातांला एकदमच?”

हिंदुरावांनी मेडिकलमधून दुखण्यावरच्या गोळ्या आणल्या. गोळी पोटात गेली की हाक मुकी व्हायची, आणि विजयमाला कामाला लागायची. पण त्या शांततेत मला कुरतडल्याचा आवाज येई. पांढऱ्या पेशी परतल्याच नव्हत्या. आता जंतू नव्हते, म्हणून त्या सांध्यालाच लागल्या होत्या. थांबवणारी हाक फार क्षीण झाली होती, आणि तिच्याकडं कुणी वळूनही पाहत नव्हतं. असा हंगाम गेला. विजयमालाला वाटत होतं, आपण बऱ्या आहोत.

एके दिवशी शेजारच्या सिंधुबाईंना चहा देताना तिच्या हातून कप निसटला. सिंधुबाईंनी तिचा हात हातात घेतला; मधलं बोट वाकडं झालं होतं. त्यांची स्वतःची बोटं एका बाजूला वळलेली होती.

“मीबी लई वर्सं गोळ्याच खाल्ल्या, पोरी. दुखायचं थांबलं की वाटायचं, बरी झाले. आता घास धरता येत न्हाय.”

“मावशी, मला भ्या वाटतंय.”

“वाटू दे. पन बारामतीला जा. उद्याच.”

बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, हातांचे एक्स-रे फोटो काढले. “हा संधिवात आहे,” त्या म्हणाल्या. “शरीराचे पहारेकरीच शरीरावर उलटलेत. गोळ्यांनी दुखणं गप्प झालं, नुकसान चालूच राहिलं.”

“बोट सरळ हुईल का?”

“झालं ते भरून येणार नाही. पुढचं थांबवायचा प्रयत्न करू. पण औषध मनानं बंद करायचं नाही.”

औषधानं हळूहळू आतली गर्दी पांगली. विजयमालाचं मधलं बोट वाकडंच राहिलं. बाकीची चार मिटतात. यंदा डाळिंबं तिनं स्वतः तोडली.

पण काही पांढऱ्या पेशी अजून इथंच आहेत. अंधारात माझ्या शेजारी स्वस्थ बसल्यात. त्यांची तोंडं सांध्याकडंच आहेत. कधीतरी माझीही पाळी येईल. माझ्यातून कोणती हाक निघेल, ते मलाही ठाऊक नाही.

म्हणून एवढंच मागतो, मित्रांनो. तुमच्या घरात कुणी सकाळी उठून बराच वेळ बोटं चोळत बसत असेल, तर नुसती गोळी देऊन मोकळे होऊ नका. त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. आम्ही आत कितीही ओरडलो तरी तुम्हाला ऐकू येणार नाही. तुम्हीच त्यांचा हात हातात घ्या आणि विचारा.