नडगीतली काच

घरातल्या प्रत्येकाला काचेबद्दल मत होतं. मी तेव्हा अकरा वर्षं एका प्रयोगशाळेत काच वितळवत होतो, त्यामुळे माझं मत कोणी विचारलं नाही. घरच्या माणसाला काही कळत नसतं, हा आमच्याकडचा पहिला नियम.

झालं होतं असं. सात वर्षांपूर्वी सासूबाई स्टुलावरून पडल्या आणि उजव्या पायाची नडगी मोडली. हाड जुळलं, पण आत जंतू राहिले. नडगीवर टाचणीच्या डोक्याएवढं भोक आणि त्यातून रोज थोडा पू. दोनदा हाड खरवडून झालं. दोन्ही वेळा आतल्या पोकळीत औषधाचे मणी ठेवले आणि महिन्याने ते काढायला पुन्हा पाय उघडला. भोक मात्र इमानी. दोन्ही वेळा ते परत आलं.

मग नव्या सर्जनबाई भेटल्या. त्या शब्द मोजूनमापून वापरायच्या. म्हणाल्या, "या वेळी पोकळीत काचेचे दाणे भरू. ते काढावे लागत नाहीत. जंतूंना मानवत नाहीत. हळूहळू विरघळतात आणि त्या जागी हाड येतं."

झालं. रविवारी बैठक बसली. अध्यक्षस्थानी माझे साडू. ते एसी विकतात, आणि एसी सोडून जगातल्या बाकी सगळ्या विषयांतलं त्यांना कळतं. त्यांना आम्ही मागे 'तज्ज्ञ' म्हणतो. पुढेही म्हणतो, त्यांना ते खरं वाटतं.

"काच ती काच," तज्ज्ञ म्हणाले. "गार पेल्यात उकळतं पाणी ओतलं की काय होतं? तडकतो. आणि माणसाला ताप येत नाही का?"

"एकशेदोन ताप म्हणजे उकळतं पाणी नव्हे," मी म्हटलं.

"तुम्ही थांबा हो साडूभाऊ. तुमचं क्षेत्र बरण्यांचं."

मेव्हण्याने, म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या भावाने, वेगळीच शंका काढली. "पण आई चालायला लागली की आत खुळखुळ वाजणार नाही का?" मेव्हणीने कोणाच्या तरी कोणाला तरी काच लागून बोट कापावं लागल्याची हकीगत सांगितली. त्या हकीगतीचा नडगीशी संबंध नव्हता, पण ती तिने फार मन लावून सांगितली. माझी बायको एवढंच म्हणाली, "अरे, आईला कोणी विचारणार आहे का?"

सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या. छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासलेली बाई. दुसऱ्याच्या चुका काढून पेन्शन मिळवलेली. त्यांनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे बघितलं.

"जावईबापू, तुम्ही तीच काच करता ना? मग मला दाखवा."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना प्रयोगशाळेत नेलं. आमचे विभागप्रमुख पाहुणा दिसला की खुलतात. त्यांनी सासूबाईंना खुर्ची दिली आणि पाऊण तास 'पुनर्जननाची नवी पहाट' उगवत ठेवली. सासूबाईंनी ती मावळेपर्यंत वाट पाहिली.

"तुमची काच आतापर्यंत किती माणसांत घातली?"

"तसं पाहिलं तर, आपण त्या टप्प्याच्या अगदी उंबरठ्यावर—"

"म्हणजे एकाही नाही."

विभागप्रमुखांना तेवढ्यात एक महत्त्वाचा फोन आठवला.

मग मी त्यांना माझ्या भट्टीजवळ नेलं. अकरा वर्षांत माझ्या घरचं कोणी तिथे आलं नव्हतं, त्यामुळे उगाच हात कुठे ठेवावेत ते कळेना. मी सांगितलं, वाळू, सोडा, चुना आणि थोडं फॉस्फेट. खिडकीच्या काचेतही पहिल्या तीन गोष्टी असतात, पण इथे वाळू कमी आणि बाकीचं जास्त. म्हणून ही काच पाण्यात टिकत नाही. खिडकीला लावली तर नालायक, हाडात लावली तर गुणी. मुशीतला लाल रस पाण्यात ओतून दाखवला. चर्र झालं आणि तळाशी तडकलेले दाणे साचले. कपाटातून एक जुनी बाटली काढली. शरीरातल्या पाण्यासारखं खारट पाणी, त्यात पंधरा दिवस ठेवलेला काचेचा तुकडा. त्यावर पांढरी साय धरली होती.

"ही बुरशी?"

"नाही आई. हाडात जे खनिज असतं, तसलंच हे. काच विरघळताना वर जमतं. हाड याला परकं समजत नाही, येऊन चिकटतं."

त्यांनी बाटली उजेडात धरून बराच वेळ वाचली. हो, वाचलीच, त्या सगळं वाचतात. मग म्हणाल्या, "मग माझ्या पायात तुमची का नाही घालत?"

हा प्रश्न मला नको होता. बायकोलाही मी कधी हे उत्तर दिलं नव्हतं. "आमची जमत नाही अजून," मी म्हटलं. "आम्ही सच्छिद्र वडी करायला बघतो, म्हणजे मोठा तुकडा बसवता येईल. तापवली की ती आतून दुधाळ होते आणि ठिसूळ पडते. शेवटचे आठ घाणे मी फेकून दिले. तुमच्या पायात जाईल ती दुसऱ्या कारखान्याची, साधे दाणे. ती बऱ्याच रुग्णांत वापरून झालेली आहे."

"अकरा वर्षांत पहिल्यांदा सरळ वाक्य बोललात," सासूबाई म्हणाल्या. "आता आणखी एक बोला. तुमच्या आईचा पाय असता तर?"

"भरली असती. पण आधी सर्जनने कुजलेलं सगळं खरवडून काढलं असतं तरच. कचऱ्यावर काच टाकली तर कचराच राहतो."

"चला," त्या म्हणाल्या. ठरलं.

ऑपरेशनच्या सकाळी संमतीपत्र आलं. सासूबाईंनी लाल पेन मागितलं. 'हाडाच्या वाडीसाठी' असं छापलं होतं. "इथे वाडी वसवायची आहे का?" त्यांनी नर्सला विचारलं. पुढे 'सर्व धोके समजावून सागितले आहेत'. "पायात काय हवं ते घाला, पण आधी अनुस्वार घाला." एकूण अकरा चुका निघाल्या. सर्जनबाईंनी कागद परत छापून आणवला. पहिल्यांदाच हसल्या असाव्यात, नर्स दचकली.

काम अडीच तासांत झालं. पुढचे दहा दिवस बरे गेले आणि अकराव्या दिवशी पट्टी ओली झाली.

टाक्यांच्या टोकातून पाण्यासारखं काहीतरी झिरपत होतं. तज्ज्ञांनी पट्टीकडे लांबूनच बघून निदान केलं. "काच पाझरतेय. मी म्हटलं नव्हतं?" त्यांनी हे म्हटलं नव्हतं, पण न म्हटलेलं आठवण्यात त्यांचा हातखंडा आहे. त्यांनी चार नातेवाइकांना फोन केला आणि प्रत्येकाला सांगितलं, की निर्णय 'आपल्या काचवाल्यांचा' होता. इतकी वर्षं माझं मत कोणी घेतलं नव्हतं. आता ते मला न विचारता वाटलं जात होतं.

मी वरवर हसत होतो. हे होऊ शकतं, असं मी वाचलं होतं. पण वाचलेलं पाझरणं आणि सासूबाईंच्या पायातलं पाझरणं यात फरक असतो. स्वयंपाकघरात बायको हळूच म्हणाली, "खरं सांग, चुकलं का रे?" मी म्हटलं, "माहीत नाही." ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

सर्जनबाईंनी तपासणीला नमुना पाठवला. चार दिवसांनी उत्तर आलं: जंतू नाहीत. "काचेमुळे असं कधीकधी झिरपतं," त्या म्हणाल्या. "पू नाही हा. थांबा." त्यांनी अजून एक शब्दही जास्त वापरला नाही, आणि मला तो हवा होता.

थांबलो. सासूबाई रोज पट्टी बदलताना वहीत डाग किती मोठा ते लिहायच्या. लिंबाएवढा, बोराएवढा, मग वाटाण्याएवढा. विसाव्या दिवशी पट्टी कोरडी निघाली. त्यांनी वहीत लिहिलं 'काही नाही' आणि खाली दोनदा रेघ मारली.

वर्षभराने एक्स-रेवर दाणे अजून दिसत होते, पण कडा पुसट झाल्या होत्या आणि मधून हाड उगवलं होतं. भोक आलं नाही. तज्ज्ञ आता ओळखीच्या प्रत्येक लंगडणाऱ्या माणसाला काचेची शिफारस करतात आणि आपण कसं सगळ्यांचं मन वळवलं तेही सांगतात. मी दुरुस्ती करत नाही. माझा लागोपाठ सतरावा घाणाही परवाच दुधाळ निघाला.

गेल्या शनिवारी सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, पोहायला चला." उघडी जखम म्हणून सात वर्षं त्यांनी पाय पाण्यात बुडवला नव्हता. तलावावर त्या पायऱ्या उतरल्या, कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या आणि नडगीवरून हात फिरवला. मी काठावर टॉवेल धरून उभा होतो.

"काय बघताय?" त्या म्हणाल्या. "पाटीवर 'खोल पाणि' लिहिलंय. जा, कोणाला तरी सांगा."

आणि माझं उत्तर न ऐकताच त्यांनी डोकं पाण्याखाली घातलं.