सियालकोटला कोण कोण असतं

२००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा माझी धाकटी बहीण मुग्धा फोर्टमधल्या तिच्या ऑफिसात रात्रभर अडकून पडली होती. मी दुबईत. तिचा फोन लागत नव्हता. त्या रात्री मला तीनदा फोन आला तो जहूरचा. "विजयभाई, बहन का कुछ पता चला?" सकाळी ती सुखरूप घरी पोचली, हे सुचित्राला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितल्यावर मी आधी त्यालाच कळवलं.

जहूर आमच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होता. पाकिस्तानातल्या सियालकोटचा. सहा वर्षं आम्ही एकाच टेबलावर डबा खात होतो. सुचित्राची आमटी त्याला आवडायची, म्हणून ती माझ्या डब्यात थोडी जास्तच घालायची.

वीकेंड संपून रविवारी ऑफिस उघडलं. जेवणाच्या खोलीत दुसरा विषयच नव्हता. दोन दिवस टीव्ही पाहून माझं डोकं फिरलं होतं. कोणीतरी म्हणालं, आता इंडियाने काय करावं? मी डब्यातून मान वर न करता म्हणालो, "एक ॲटम बॉम्ब डालो उनपे. खलास."

दोघेतिघे हसले. जहूर समोरच बसला होता. त्याने डब्याला झाकण लावलं, दोन्ही बाजूंच्या कड्या नीट अडकवल्या आणि उठून गेला.

पलीकडे ओकुमुराबाई चहा पीत होत्या. आमची कंपनी बांधत असलेल्या टॉवरच्या स्टीलची तपासणी करायला त्या जपानहून आल्या होत्या. पंचावन्नच्या आसपास वय, कमी बोलणाऱ्या. हिंदी त्यांना येत नव्हती, पण ते दोन शब्द कळले असावेत. त्यांनी मला इंग्रजीत विचारलं, "तुम्ही काय म्हणालात?" आणि मी हसत हसत त्यांना माझ्या वाक्याचं भाषांतर करून सांगितलं.

त्यांनी मान हलवली, कप धुतला आणि गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून जहूर आपल्या डेस्कवरच जेवू लागला. मी मनाशी म्हणालो, राग निवळला की येईल. मी गेलो नाही. मंदी आली होती; जानेवारी संपता संपता नोकरकपातीची पहिली यादी लागली. एका दिवसात साठ माणसं कमी केली, त्यात जहूर होता. खोका हातात घेऊन तो लिफ्टकडे गेला तेव्हा मी फोन कानाला लावून बसलो होतो. फोनवर कोणीही नव्हतं.

फेब्रुवारीत टॉवरचं कामच थांबलं. ओकुमुराबाई परत निघाल्या. तपासणीच्या फायली घ्यायला मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो. सह्या झाल्यावर त्या म्हणाल्या, "दोन मिनिटं बसा."

मी बसलो.

"माझी आई हिरोशिमाची. बॉम्ब पडला तेव्हा तेरा वर्षांची होती. शाळेतल्या मुलींना, आग पसरू नये म्हणून घरं पाडून मोकळी केलेली जागा साफ करायला नेत असत. त्या सकाळी आईच्या पोटात दुखत होतं, म्हणून ती गेली नाही. घर डोंगरापलीकडे होतं. तिचा वर्ग गेला होता."



"वर्गातली एकही मुलगी परत आली नाही. पुढे रस्त्यात त्या मुलींच्या आया भेटायच्या. त्या काही बोलायच्या नाहीत, नुसत्या माझ्या आईकडे बघायच्या. आई रस्ता बदलायची. म्हातारपणापर्यंत ती म्हणत होती, मला पोटदुखीची लाज वाटते." त्यांनी फाइल माझ्याकडे सरकवली. "ज्यांनी बॉम्ब टाकला त्यांना लाज वाटली की नाही, मला माहीत नाही. आईला वाटली. तिने तर काहीच केलं नव्हतं."

त्या रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. आमच्याकडे काय झालं, माझी बहीण कशी अडकली, असं सांगितलं असतं. मला फक्त 'सॉरी' म्हणता आलं. त्या म्हणाल्या, "मला नका म्हणू."

जहूरला शोधायला दोन दिवस लागले. त्याचा व्हिसा रद्द झाला होता, परत जायला आठवडा उरला होता. तोवर तो दुबईतच रास अल खोर भागात, खैरुद्दीन नावाच्या त्याच्या मामेभावाच्या गाड्यांच्या जुन्या पार्ट्सच्या गोदामात मदत करत होता. मी गेलो तेव्हा तो दिवे पुसून फळीवर लावत होता. मला बघून त्याने एक रिकामा क्रेट उलटा करून पुढे ठेवला.

"जहूर, त्या दिवशी मी जे बोललो..."

"मालूम है."

"माझी चूक झाली. मला लाज वाटते."

तो बराच वेळ तोच दिवा पुसत राहिला. मग म्हणाला, "त्या संध्याकाळी मी भावाला फोन केला. म्हटलं, बॉम्ब आपल्याकडेही आहे, मुंबईवर टाका. तुझ्या शहराचं नाव घेतलं मी. तुझी बहीण तिथे आहे हे माहीत असून घेतलं. माझी मुलगी माझ्या शेजारीच अभ्यास करत बसली होती, तिने सगळं ऐकलं."

 मी विचारलं, "सियालकोटला तुझ्या घरी कोण कोण असतं?"

"सहा साल में आज पूछा," तो म्हणाला. पण त्याने सांगितलं. आई, तिला दिसत नाही. भाऊ फुटबॉल शिवायच्या कारखान्यात. भावजय, त्यांची तीन मुलं, एक विधवा आत्या. सगळ्यांची नावं सांगितली. मी ऐकत गेलो. तो मला माफ केलं असं म्हणाला नाही. निघताना मी हात पुढे केला, तेव्हा त्याचे हात तेलकट होते. त्याने मनगट पुढे केलं. पुढच्या आठवड्यात तो गेला. त्याचा तिकडचा नंबर मी मागितला नव्हता.

२०१९ च्या फेब्रुवारीत पुन्हा दोन्हीकडची विमानं उडाली. त्या शुक्रवारी दुबईतल्या आमच्या ऊद मेथाच्या घरी माझा मित्र सुजीत आणि त्याची बायको जेवायला आले होते. जेवताना सुजीत म्हणाला, "अरे, मग ते अणुबॉम्ब काय पूजेला ठेवलेत का? टाका की एक." सगळे हसले. सुचित्राने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला कोशिंबीर वाढली.

ते गेल्यावर माझी मुलगी आभा, वीस वर्षांची, टेबल आवरत म्हणाली, "बाबा, व्हाय डिड्न्ट यू से एनिथिंग? तुम्हाला आवडलं नाही, दिसत होतं."

मग मी तिला सगळं सांगितलं. जेवणाची खोली, माझं वाक्य, भाषांतर, कानाला लावलेला फोन. ओकुमुराबाईंच्या आईचं सांगितलं. बापाने हे लेकीला सांगणं सोपं नव्हतं. तिने मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाली, "अँड टुडे अगेन यू केप्ट क्वाएट."

"हो," मी म्हणालो.

मी तिथेच, तिच्यासमोर, सुजीतला फोन लावला. तो गाडीत होता. मी म्हणालो, तू जे बोललास ते पुन्हा माझ्या घरी बोलू नकोस.

"अरे, गंमत केली रे."

"माझीही गंमतच होती," मी म्हणालो आणि त्याला जहूरबद्दल सांगू लागलो. थोडं ऐकून तो म्हणाला, सिग्नल सुटलाय, नंतर बोलतो. त्यानंतर त्याचा फोन आला नाही. राहिलेलं सांगायला मीच पुन्हा केला, दोनदा.