सेलमचा गजरा

धोंडीबा आपल्या बायकोशी सव्वीस वर्षं खोटं बोलत आला, आणि तेही फोनवर, गाडी रस्त्याच्या कडेला लावून. आता लगेच त्याला लबाड ठरवू नका. आदिलाबादच्या जिनिंगवाल्यांना विचारा. कापसाच्या गाठी धोंडीबाच्या गाडीत चढल्या की मालक निवांत झोपतो, असंच सांगतील. त्याच्यासारखी ताडपत्री कोणी बांधत नाही. दारू नाही, पत्ते नाहीत, ढाब्यावर भांडण नाही. खोटं तो बोलायचा फक्त भागाबाईशी, आणि त्याला कारण तिचाच एक प्रश्न होता.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. गाव जैनथपासून कोसभर, पैनगंगेच्या अंगाला. सगळ्या गावात फोन एकच, किराणा दुकानातला. धोंडीबाची कोइमतूरची ती पहिली फेरी. तिसऱ्या दिवशी त्याने फोन लावला, दुकानदाराने हाक मारली आणि भागाबाई पिठाच्या हातांनी तशीच धावत आली. जेवले का, बरे हाय का, एवढं झालं. मग पुढे काय बोलावं ते दोघांनाही सुचेना. शेवटी तिनेच विचारलं, "मंग, काय पाह्यलं तुमी?"

काय पाहिलं होतं त्याने? तीन दिवस पुढच्या गाडीचं बूड पाहिलं होतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! पण बाई पिठाच्या हातांनी धावत आलेली, तिला "काहीच नाई" म्हणायला त्याची जीभ वळेना.

"कर्नूलच्या पुढं एक डोंगर हाय," तो म्हणाला. "हत्ती निजल्यावानी दिसते."

पलीकडून ती म्हणाली, "बापा!" आणि त्या एका शब्दात इतकं सुख होतं की धोंडीबा कामातून गेला.

पुढच्या फेरीला तिचा पहिला प्रश्न, "हत्ती उठला का?"

झालं. आता हत्ती पाळणं आलं. पावसाळ्यात तो कुशीवर वळला. उन्हाळ्यात त्याने अंगावर धूळ ओढून घेतली. ज्या वर्षी लेक सपना जन्मली, त्या वर्षी डोंगराशेजारी एक लहान टेकडी उगवली, तेव्हा कुठे तो हत्ती नसून हत्तीण आहे हे धोंडीबालाही कळलं. मग अनंतपूरच्या अलीकडे एक गाव वसलं, त्यातली सगळी दारं निळी. आणि सेलमच्या चहाच्या थांब्यावर एक अम्मा बसायला लागली. फुलं विकणारी, पुढचा एक दात सोन्याचा. ती दर फेरीला विचारायची, आदिलाबादवाली सून कशी आहे? आणि न चुकता सुनेसाठी मोगऱ्याचा गजरा द्यायची.

हा गजरा मात्र खरा. धोंडीबा घरी आला की हिरव्या पानात बांधलेला गजरा भागाबाईच्या हातात ठेवायचा. ती तो माळून दोन दिवस गावभर मिरवायची. फक्त तो सेलमचा नव्हता. घर तीन तासांवर आलं की निर्मलच्या नाक्यावर तो गाडी थांबवायचा आणि तिथल्या फुलवाल्याकडून घ्यायचा.

मोबाइल आले, तरी प्रश्न तोच राहिला. गंमत म्हणजे खरं सांगितलं की तिला पटत नसे. एकदा पवनचक्कीचं पातं नेणारी गाडी त्याने खरोखर पाहिली होती. एकच पातं, आणि लांबी गावच्या गल्लीएवढी. "थापा नोका मारू," ती म्हणाली होती. "पंख्याचं पातं कुठी एवढं रायते का?" हत्तिणीला पिल्लू झालेलं मात्र तिने हूं की चूं न करता मान्य केलं होतं.

यंदा दिवाळी सरल्यावर धोंडीबाने गाडीमालकाला सांगून टाकलं, आता बस. क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेला होता. एक शेवटची फेरी, मग घरची वांगी-मिरची आणि आठवडी बाजार. सपना नारनूरला आपल्या घरी सुखात होती, कसली घाई नव्हती. घरी हे सांगितलं तेव्हा भागाबाई चुलीपुढे होती. तिने भाकरी उलटली आणि मागे न बघता म्हणाली, "मंग ह्या फेरीले मी येतो तुमच्यासंगं. हत्तीण पाह्याची हाय मले."

धोंडीबाच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. नको म्हणायला त्याने काय काय काढलं! रस्ता खराब, केबिनमध्ये उकडतं, मालक बाईमाणसाला बसू देत नाही. तिने मालकालाच फोन लावला. मालक म्हणाला, "अरे, ने ना बाबा, शेवटची फेरी आहे." आता काय बोलणार? सव्वीस वर्षं मांडलेला संसार आपल्याच हाताने मोडायला निघाल्यासारखं त्याला वाटलं. तिने मनाने त्या रस्त्यावर जन्म काढला होता. तो घरी नसलेल्या सगळ्या दिवसांत त्या हत्तिणीने, त्या निळ्या दारांनी, त्या अम्माने तिला सोबत केली होती. आणि आता तीच आपल्या डोळ्यांनी बघणार होती की तिथे कोणी नाही.

पहाटे गाडी निघाली. थंडी अशी की काचेवर श्वास गोठावा. गुडिहत्नूर मागे पडलं, इच्चोडा मागे पडलं, धुक्यात दोन्ही बाजूंची शेतं पांढरीच पांढरी. भागाबाई हिरवं लुगडं नेसून, मांडीवर भाकरी-ठेच्याचं गाठोडं घेऊन, देवळात बसावं तशी बसली होती. नेरेडिगोंडाच्या पुढे घाट लागला. झाडांमधून ऊन खाली उतरायला लागलं, गाडी वळणावर वळण घेत राहिली. धोंडीबाने दोनदा तिच्याकडे चोरून पाहिलं. ती नुसती बघत होती, डोळे भरून.

दुसऱ्या दिवशी कर्नूल मागे पडलं आणि धोंडीबा हत्ती शोधायला लागला. तिथे डोंगरांना काय तोटा! एकावर एक दगड रचलेले, ऊन खात पसरलेले. पण चोराच्या मनात चांदणं. त्याला त्यातला एकही हत्तीसारखा दिसेना.

"कोणता वो?" तिने विचारलं.

त्याने जीव मुठीत धरून एकीकडे बोट केलं. "थो."

भागाबाईने मान वाकडी करून खूप वेळ पाहिलं. "हा तं म्हशीवानी दिसते."

"इकडून जातानी म्हैसच दिसते," धोंडीबा घाईने म्हणाला. "येतानी हत्तीण."

"असं व्हय," ती म्हणाली आणि गाठोडं सोडून तिने त्याला भाकरी दिली. निळ्या दारांच्या गावाचं तसं सोपं होतं. बायपास झाला, गाव खाली राहिलं, असं त्याने सांगितलं. ती हो म्हणाली. थोड्या वेळाने समोरून एक गाडी आली, चाकंच चाकं, आणि तिच्यावर पांढरं पातं, संपता संपेना असं. भागाबाई खिडकीतून अर्धी बाहेर झाली. "अवो!" ती ओरडली. "हे खरं व्हय?" ती इतकी का चकित झाली, ते धोंडीबाच्या डोक्यात शिरलं नाही. पुढची अम्माच त्याच्या डोळ्यांपुढे होती.

बेंगळुरू मागे गेलं. नारळाची झाडं आली, माती लाल झाली, पाट्यांवरची अक्षरं गोल गोल फिरायला लागली. ऊन मऊ होतं आणि इंजिनाच्या आवाजाने दोघांनाही गुंगी आल्यासारखं झालं होतं. सांगून टाकू, असं धोंडीबाने तीनदा ठरवलं. तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा "पाणी दे" म्हणाला.

सेलमच्या थांब्यावर गाडी थांबली. चहाच्या टपरीशेजारी चार-पाच बायका फुलांच्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या. भागाबाई कोणाची वाट न बघता खाली उतरली आणि एकेकीच्या तोंडाकडे निरखून बघत चालली. धोंडीबाला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपण गाडीसकट आत जावं. सोन्याचा दात कुठून यायचा? शेवटच्या टोपलीमागे एक वाळकी म्हातारी बसली होती. ती हसली तर तोंडात एकही दात नाही. भागाबाई तिच्यासमोर फतकल मारून बसली. तिने म्हातारीचे दोन्ही हात हातात घेतले आणि बोलायला लागली. ही मराठीत, ती तमिळमध्ये. म्हातारीने हिच्या गालावरून हात फिरवला, हिने म्हातारीला ठेचा दिला. पाव तास हे चाललं. धोंडीबाचा चहा हातातच थंड झाला.

ती परत आली ती गजरा घेऊनच.

"सोन्याचा दात पडला म्हणते," ती केबिनमध्ये चढता चढता म्हणाली. "एवढे दिवस काऊन नाई आली, असं इचारून राह्यली होती."

धोंडीबाला लाज वाटली, अगदी कानशिलं तापण्याइतकी. बिचारीला शेवटपर्यंत आपण फसवलं, असं त्याला वाटलं.

कोइमतूरला गाठी उतरवल्या, पाण्याचे पंप भरले आणि गाडी उत्तरेला वळली. येताना कर्नूलपाशी भागाबाईने हत्तिणीचं नावही काढलं नाही. ते तर त्याला जास्तच लागलं. घरी पोचायच्या आत सांगायचं, आता माघार नाही, असं घोकत तो गाडी हाकत होता. काय बोलायचं ते मनात जुळवत होता. त्या जुळवाजुळवीत निर्मलचा नाका कधी आला ते त्याला कळलंच नाही. पण त्याच्या पायाला कळलं. सव्वीस वर्षांची सवय. पाय आपोआप ब्रेकवर गेला आणि गाडी जिथे नेहमी थांबते तिथे थांबली.

फुलवाला धावतच आला. हिरव्या पानातली पुडी त्याने खिडकीतून वर धरली. "क्या चाचा, आज लेट? लो, आपका हमेशावाला."

भागाबाईने धोंडीबाच्या अंगावरून हात लांब करून पुडी घेतली. फुलवाल्याला म्हणाली, "जियो बेटा." मग पदराची गाठ सोडली. आत सेलमचा गजरा होता. तपकिरी पडलेला, पाकळ्या दोऱ्याला चिकटलेल्या. तिने दोन्ही गजरे त्याच्यापुढे डॅशबोर्डवर शेजारी शेजारी ठेवले.

"पाहा," ती म्हणाली. "सेलमचा गजरा घरी येईस्तोवर असा होते."

"तुले माहीत होतं?" धोंडीबाने विचारलं.

"पयल्या गजऱ्यापासून. फुलं इकणाऱ्या माळ्याच्या घरची पोरगी हाव मी. तीन दिवसाचा मोगरा मले नाई समजत का?"

"मंग बोलली काऊन नाई वं?"

भागाबाईने ताजा गजरा अंबाड्यात खोचला. "बोलली असती तं तुमी सांगणं बंद केलं असतं," ती म्हणाली. "गावातल्या बाकीच्याइचे नवरे रोज घरी असते, पण एक शब्द बोलत नाई. तुमी हजार कोसावर उभे राहून माह्यासाठी हत्तीण बनवत होते. मी काऊन मोडू?"

धोंडीबाचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवलेही नाहीत. गाडी घाट चढायला लागली. सागाची पानं रस्त्यावर भिरभिरत होती. त्याला कितीतरी दिवसांनी गुडघा दुखत नसल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मालकाला किल्ली देऊन तो घरी आला, तर ओसरीवर बाया जमल्या होत्या. शेजारची जयवंताबाई सगळ्यांत पुढे. "सांग ना वं, काय पाह्यलं?"

"काय सांगू बाई," भागाबाई म्हणाली. "जातानी हत्तीण निजून होती. येतानी पाहतो तं जागा रिकामी! पिल्लाले घेऊन उठली अन् गाडीच्या मागं मागं आली. आता ह्यायची गाडी सुटली, तिले तरी तठी कोण इचारते? पैनगंगेवर पाणी पिऊन राह्यली असन." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "होय ना वो?"

"होय," धोंडीबा म्हणाला. "मोठी गरीब हाय."

जयवंताबाईने कपाळाला हात लावला आणि बाया हसत हसत घरी गेल्या.

पण त्यानंतरचा दिवस कठीण गेला. सकाळी चारलाच डोळा उघडला, आणि जायला कुठेच नव्हतं. धोंडीबाने मिरचीला पाणी दिलं, सायकल पुसली, मग अंगणात नुसताच बसून राहिला. समोरची भिंत आणि तो. आपल्याजवळ आता सांगण्यासारखं काय उरलं?

भागाबाई पीठ मळत होती. तिने आतूनच हाक दिली, "अवो, बसले काय? नदीवर जाऊन या ना जरासाक."

तो चपला घालून गेला. पैनगंगेला पाणी कमीच होतं, धुकं जास्त. काठावर एक बगळा उभा होता, बस. धोंडीबा तिथे घटकाभर थांबला आणि परत आला.

भागाबाई पिठाच्या हातांनीच दारापर्यंत आली.

"मंग," तिने विचारलं, "काय पाह्यलं?"