ताई, कोड सांग

ऑफिसातला फोन सकाळपासून एकदाही वाजला नव्हता. ॲम्ब्युलन्स पुरवणाऱ्या त्या छोट्याशा ऑफिसात असं कधी होत नसे.

"चला, आज सगळं गाव ठणठणीत दिसतंय," धाकटा भाऊ खुर्चीत रेलून म्हणाला. वेबसाइट तो सांभाळायचा, बाकी सगळं त्याची ताई.

ताई हसली नाही. तिने रिसीव्हर कानाला लावून पाहिला. फोन चालू होता. बाहेर दोन्ही गाड्या उभ्या, चालक काचा पुसत बसलेले. तिला ती शांतता काही केल्या बरी वाटेना.

दुपारी एक माणूस धापा टाकत आत शिरला.

"गाड्या तर इथंच उभ्या आहेत! फोनवर मघापासून सांगताय, निघालोय, पोचतोच. आधी पैसेही पाठवायला लावलेत. माझे वडील तिकडे जमिनीवर पडलेत हो. शेवटी पत्ता बघून धावत आलो."

"आम्हाला फोनच आला नाही," ताई म्हणाली.

त्याने मोबाइल पुढे केला. वेबसाइट त्यांचीच, फोटोतली गाडीही त्यांचीच. फक्त खालचा नंबर भलत्याच कुणाचा होता.

एक गाडी त्याला घेऊन सुसाट गेली. ताई भावाकडे वळली.

"परवा गाडीचा फोटो बदललास, तेव्हा वेबसाइटच्या कंट्रोल पॅनेलमध्ये कसा शिरलास?"

"पत्ता आठवेना, म्हणून सर्च केलं. पहिल्या लिंकवर पासवर्ड टाकला, तर चुकीचा म्हणाला. मग दुसरीवरून उघडलं."

"म्हणजे ती पहिली लिंक खोटी होती, तिथं किल्ली चोराच्या हातात ठेवलीस. पण नुसत्या पासवर्डवर चोराला पॅनेल उघडता आलं कसं? माझ्या फोनवर कोड यायला हवा होता."

धाकट्याची मान खाली गेली. "ते मीच बंद केलं. दर वेळी सगळ्यांसमोर 'ताई, कोड सांग' म्हणायचं. चालक हसतात. म्हणतात, छोट्या साहेबांना अजून घरून परवानगी लागते."

"अरे, तुझ्यावर विश्वास नाही म्हणून ठेवला होता का तो कोड? तुझा पासवर्ड कुणी ढापला, तरी दार उघडू नये म्हणून होता. त्या पॅनेलवर आपला नंबर असतो, आणि त्या नंबरच्या भरवशावर लोकांचा जीव."

वेबसाइट जिच्याकडे ठेवली होती त्या होस्टिंग कंपनीच्या मदतीने पासवर्ड बदलला, नंबर दुरुस्त झाला, कोड पुन्हा सुरू झाला. थोड्याच वेळात फोन वाजला आणि धाकटा दचकला. सकाळपासून आणखी कुणी कुणी हाक मारली असेल, हे त्याला कधीच कळणार नव्हतं.

त्या माणसाचे वडील जगले, पण उपचाराला उशीर झाल्याने त्यांचं बोलणं गेलं. धाकटा दवाखान्यात भेटायला गेला, तेव्हा ते त्याच्याकडे नुसते बघत राहिले. माफी मागायचं ठरवून गेलेला तो, त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

मंडळी, ही कोडची कटकट तुम्हा-आम्हा सगळ्यांनाच नकोशी वाटते. पण आपल्या आळसापायी, नाहीतर लाजेपायी जे दार उघडं राहतं, त्यातून आपल्यावर विसंबलेल्यांच्या घरात चोर शिरतो. लॉगिनचा पत्ता जपून ठेवा, सर्चमधली पहिली लिंक खरी धरू नका, आणि कोडचं दुसरं कुलूप काढू नका.

त्या ऑफिसात आता अधूनमधून मोठ्याने आवाज येतो, "ताई, कोड सांग." चालक हसत नाहीत.