बाबांची दाढ

बाबा पेशाने वकील, आणि घरातही समोरच्याला वाक्य पुरं करू देतील तर शपथ. म्हणून धाकटीने ठरवलं, सांगायचं ते त्यांची दाढ भरतानाच.

ती दंतवैद्यकाच्या तिसऱ्या वर्षाला होती. अभ्यास जमत होता, मार्कही बरे पडत. पण पेशंट आला नाही की तिला सुटल्यासारखं वाटे. उलट सरावाचे मेणाचे दात कोरायला बसली की तिला कशाचंच भान उरत नसे. वर्गातल्या कितीतरी जणांचे हे दात तीच कोरून द्यायची. कॉलेजच्या खालच्या मजल्यावरच्या लॅबमध्ये कवळ्या नि कॅपा बनत. तिचे पाय सारखे तिकडे वळत. हळूहळू तिच्या लक्षात आलं, आपल्याला दात हवेत, तोंडं नकोत.

त्या दिवशी बाबा कॉलेजच्या दवाखान्यात रांगेतल्या सगळ्यांना ‘आत आमची डॉक्टर आहे’ म्हणून सांगतच आले. तिने भूल दिली, कीड कोरून काढली, दोन्ही बाजूंना कापसाचे बोळे ठेवले, सिमेंट भरलं आणि हातातलं हत्यार खाली ठेवलं.

“बाबा, मला डॉक्टर नाही व्हायचं.”

“आं?”

“दात बनवायचेत. खाली लॅबचा कोर्स आहे, तिथल्या सरांशी बोललेय मी.”

बाबांनी कोर्टात करतात तसं बोट वर केलं.

“बोलू नका, सिमेंट हलेल.”

बोट खाली आलं. मग तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, अगदी सावकाश.

चूळ भरून झाल्यावर बाबा बराच वेळ दाढेवरून जीभ फिरवत राहिले.

“आता सुचलं हे?”

“आधी वाटायचं, सगळ्यांनाच कंटाळा येत असेल.”

“आईला माहीत आहे?”

“दाढ भरताना बोल, हे तिनेच सुचवलं.”

बाबा हसले. अर्धं तोंड बधिर, त्यामुळे हसूही वाकडंच आलं. “म्हणजे हा कट आहे तर.” मग उठता उठता म्हणाले, “हात हलका आहे तुझा. अजिबात दुखलं नाही. लॅबमध्ये बसायला खुर्ची तरी नीट आहे ना?”

“आहे.”

“मग जा.”

परीक्षा आटोपून ती खाली गेली. आता खिडकीशी बसून कुणाच्या तरी पुढच्या दाताचा रंग जुळवत असते. जेवायला हाका माराव्या लागतात. आणि बाबा भेटेल त्या अशिलाला आधी हसायला लावतात, मग विचारतात, “कॅप बसवायचीय का?”