माझी भिंतीकडची बाजू

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फलक आहे, विद्यापीठाच्या प्रवेश कक्षातला. मला बिचारा मात्र म्हणू नका, माझं डोकं फिरतं.

एका म्हाताऱ्या पेंटरने मला रंगवलं. पुढच्या बाजूला नव्या विद्यार्थ्यांचे नियम, मागच्या बाजूला दुसऱ्या विद्यापीठातून मध्येच येणाऱ्यांचे. खोलीच्या मधोमध मी दोन साखळ्यांनी लटकत असे. ज्याला जी बाजू हवी ती तो वाची आणि नेमके कागद घेऊन येई. एकदा कुलसचिवांनी सगळ्यांदेखत माझं कौतुक केलं. खोटं कशाला सांगू, अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

पुढे खोलीला रंग दिला, साखळ्या हरवल्या, आणि कुणीतरी मला भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलं. अकरा वर्षं माझी मागची बाजू भिंतीला चिकटून राहिली. नंतरच्या कारकुनांना ती आहे हेच ठाऊक नव्हतं. ते सरसकट सगळ्यांकडे प्रवेश परीक्षेचं गुणपत्रक मागू लागले. दोन वर्षं शिकून आलेली माणसंसुद्धा हात हलवत परत गेली. शिपाई मला रोज पुसायचा, तोही पुढूनच. मी मूग गिळून बसलो. फलकाला तोंड कुठे असतं?

यंदा प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी एक बाई आल्या. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या. आईच्या आजारपणात त्यांचं दुसऱ्या विद्यापीठातलं शिक्षण दोन वर्षांनंतर सुटलं होतं. पाच वर्षांच्या आत परतलं तरच ती दोन वर्षं धरली जाणार होती, आणि त्यांची मुदत याच महिन्यात संपत होती.

कारकुनाने त्यांच्याकडेही तेच गुणपत्रक मागितलं. माणूस वाईट नव्हता, बसायला खुर्ची दिली त्याने. पण बोट माझ्याकडे केलं.

"ताई, नियमच तसा आहे. फलकावर लिहिलंय, वाचा."

बाईंनी खरंच वाचलं, अगदी सावकाश. मग म्हणाल्या, "वर लिहिलंय, नव्या विद्यार्थ्यांसाठी. माझ्यासारख्यांचं कुठे लिहिलंय ते दाखवा. मग मी जाते."

रांग कुरकुरू लागली, बाजूला व्हा म्हणाली. बाई तसूभर हलल्या नाहीत. माझी शेवटची ओळ कपाटावरच्या फायलींआड गेली होती. त्यांनी फायली सरकवल्या. इतरांनी मागील बाजू पाहावी, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं. कारकून नको नको म्हणेपर्यंत त्या खुर्चीवर चढल्या आणि त्यांनी मला उतरवलं. जळमटं रुमालाने पुसली.

माझ्या मागच्या बाजूला लिहिलं होतं: आधीच्या गुणपत्रिका, स्थलांतर प्रमाणपत्र, झालेल्या विषयांचा अभ्यासक्रम. प्रवेश परीक्षेची अट नाही.

तिन्ही कागद बाईंच्या पिशवीत होते. कारकुनाने ते तपासले, खाली मान घालून शिक्का मारला आणि हळूच म्हणाला, "ताई, मी कितीजणांना परत पाठवलं असेल हो?"

त्याचं उत्तर माझ्याकडे आहे, मित्रांनो. मला ते सगळे चेहरे आठवतात, आणि त्यांच्या वतीने मी भांडणार आहे. म्हणून मला नुसतं पुसू नका, पूर्ण वाचा. कुणी "नियमच तसा आहे" म्हणालं, तर कुठे लिहिलाय ते विचारा. आणि दाखवेपर्यंत टेबलासमोरून हलू नका.