तीन बटणांचा पिवळ्या आणि तीस आवाजांची पेटी

मित्रांनो, माझ्यावर बूट ठेवायला मुळीच संकोचू नका. माझा जन्मच त्यासाठी झाला आहे. मी एक जुना पेडल आहे, बास गिटारचा. चार जाड तारांची, घनगंभीर आवाजाची ती गिटार तुम्ही पाहिली असेल. तिची वायर माझ्या एका कुशीत शिरते आणि दुसऱ्या कुशीतून निघून स्पीकरकडे जाते. मधल्या चार बोटांच्या अंतरात मी आवाजाला धार लावतो. एकदा दाबले की मी चालू, पुन्हा दाबले की बंद. अंगाचा रंग पिवळा, म्हणून नाव पिवळ्या.

मला रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मामांनी बनवले. त्यांच्या भाचीला बासचे वेड होते आणि मामांना भाचीचे. अरुंद दुकान, खिडकीशी टेबल, टेबलावर उघडे पडलेले रेडिओ. तिथे एका रविवारी अॅल्युमिनियमच्या डबीला ड्रिलने भोके पडली, आत तारा सोल्डर झाल्या आणि मी तयार झालो. आराखडा मात्र साध्या गिटारच्या पेडलचा होता. भाचीने तार छेडली आणि तिचा चेहराच पडला.

"मामा, हा तर डासासारखा गुणगुणतोय. माझा बास कुठे गेला?"

"खाल्ला त्याने."

"मग ओकायला सांगा."

मामांनी हसत हसत मला पुन्हा उघडले. दोन बटणे होतीच, 'आवाज' आणि 'धार'. शेजारी तिसरे बसवले आणि त्याखाली बारीक ब्रशने लिहिले, 'मूळ'. या तिसऱ्या बटणाने गिटारचा मूळचा, न बदललेला आवाज माझ्या गर्जनेत हवा तेवढा मिसळता येतो. भाचीने पुन्हा तार छेडली. या वेळी खिडकीच्या काचा थरथरल्या आणि समोरच्या दुकानातले गिऱ्हाईक वळून पाहू लागले. माझ्या आयुष्यातली ती पहिली दाद!

भाची चष्म्याच्या दुकानात काचा घासण्याचे काम करी. केसभर चूकही तिला खपत नसे. तिच्या लाकडी फळीवर आम्ही चौघे शेजारी शेजारी होतो. तारा जुळवणारा ट्यूनर, लहानमोठा आवाज एका पातळीवर आणणारा कॉम्प्रेसर, मी आणि प्रत्येक सुराला खालच्या सप्तकातला जोडीदार देणारा ऑक्टेव्ह. शाळांचे हॉल, कामगारांचे क्लब, लहान सभागृहे, सगळीकडे आम्ही वाजलो. "हा पिवळा कुठल्या कंपनीचा हो?" असे कोणी विचारले की ती ऐटीत सांगे, "आमच्या मामांच्या कंपनीचा."

अकरा वर्षे ती गायकांच्या पाठीमागे, अंधाऱ्या कोपऱ्यात उभी राहून वाजवत होती. मग एक दिवस एका दिग्दर्शक बाईंनी तिला ऐकले. त्यांचे नवे नाटक दीपगृहात राहणाऱ्या कुटुंबावर होते. संगीत रेकॉर्ड केलेले नको, प्रेक्षकांसमोर वाजलेले हवे, असा त्यांचा हट्ट होता. रंगमंचाच्या डाव्या अंगाला एक ड्रमसेट, एक खुर्ची आणि त्या खुर्चीवर प्रकाशाचा झोत. ती खुर्ची भाचीची! घरी आल्यावर तिने मामांना तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा तेच सांगितले.

नाटकात बासचा आवाज एकोणीस ठिकाणी बदलायचा होता. कुठे समुद्राची गाज, कुठे बोटीचा भोंगा, कुठे नुसता श्वास. एकेका जागी दोन पेडल बंद करून तिसरा चालू करायचा, तेही वाजवता वाजवता. सोमवारच्या तालमीत घात झाला. नायिका भावाचे पत्र वाचत होती. तिथे मऊ आवाज हवा होता. भाचीचा पाय कॉम्प्रेसरकडे निघाला आणि बुटाची कड माझ्यावर पडली. मी इमानी नोकर, दाबल्याबरोबर गरजलो. नायिकेच्या हातातले पत्र खाली पडले.

"पत्रात वाघ होता काय ग?" ड्रम वाजवणारा म्हणाला. तो बेकरीचा मालक, गोतावळ्यात 'बेकरीदादा' म्हणून ओळखला जाणारा. सगळे हसले. दिग्दर्शक बाई हसल्या नाहीत.

"शनिवारी रंगीत तालीम आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "एकोणीसच्या एकोणीस जागा स्वच्छ आल्या पाहिजेत. नाही आल्या तर बास रेकॉर्ड करून घेऊ आणि खुर्ची उचलू."

"खुर्ची उचलू म्हणजे?"

"म्हणजे नाटकात तुमचं वाजवणं असेल, तुम्ही नसाल. राग मानू नका."

हातात पाच दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळीच बेकरीदादा एक काळी, रुंद पेटी काखेत मारून आला.

"हे बघ, मेव्हणीकडून मागून आणलंय. मल्टी-इफेक्ट्स. तुझे चारही डबे यात आहेत, वर आणखी तीस आवाज आहेत. एकोणीस जागा ओळीने भरून ठेव. मग एकच बटण, पुढचा, पुढचा, पुढचा. डोळे मिटून वाजव!"

मित्रांनो, खरे सांगतो, मी हेव्याने जळलो. पण त्याच वेळी थक्कही झालो. काय तिचा तो थाट! छोटा पडदा, त्यावर आवाजांची नावे, प्रत्येक बटणाभोवती दिव्याचे कडे. ती पेटी क्षणात खोल विहिरीतून बोले, क्षणात पोलादी होई. भाचीचे डोळे चमकत होते. आमची फळी रिकामी झाली आणि आम्ही चौघे कपाटाच्या खणात गेलो, जुन्या नाड्या आणि तुटक्या घड्याळांच्या शेजारी.

दोन दिवस सकाळी, दुकान उघडण्याआधी, ती पेटीत आवाज भरत बसली. खालच्या मजल्यावरचे शेजारी रात्रपाळी करून झोपलेले असत, म्हणून तिने कानाला हेडफोन लावले होते. खणातून आम्हाला फक्त तारांची कोरडी टकटक आणि मधूनच तिचे "अहाहा!" ऐकू येई. गुरुवारी तालमीला निघताना तिने मला मात्र उचलून पिशवीत टाकले. का, ते तिलाही सांगता आले नसते.

पिशवीच्या तोंडातून मी ती तालीम पाहिली. पहिल्या अकरा जागा अशा आल्या की बाईंनी पेन खाली ठेवले. पत्राचा प्रवेश तर लोण्यासारखा झाला. मग बाराव्या जागेला वादळ सुरू झाले. दीपगृहाचा दिवा विझतो, बोट खडकाकडे येते आणि बासचा एकच सूर शांत पाण्यापासून गर्जनेपर्यंत चढत जातो. भाचीने त्यासाठी तीन आवाज भरले होते, बारावा, तेरावा, चौदावा. हेडफोनमध्ये भव्य वाटलेले ते आवाज त्या मोठ्या हॉलमध्ये चिखल झाले. ड्रमखाली सूर कुठे हरवला ते कळेना. फक्त खुर्च्यांचे नटबोल्ट खडखडले. शिवाय एका आवाजावरून दुसऱ्यावर जाताना ती पेटी पापणी लवेल एवढा वेळ गप्प राही. बाकीच्या ठिकाणी ते कोणाच्या लक्षातही आले नव्हते. चढत्या वादळात मात्र ते भोक लख्ख दिसले.

"समुद्राला उचकी लागली का ग?" बेकरीदादा म्हणाला. या वेळी कोणीच हसले नाही.

बाईंनी वहीत काहीतरी लिहिले. "रेकॉर्डिंगवाल्यांना शनिवारी दुपारी बोलावून ठेवते. लागलेच तर असावेत."

शुक्रवारी सकाळी मामांच्या दुकानात सभा भरली. टेबलावर एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला पेटी, मध्ये भाचीचे सुजलेले डोळे.

"हे आवाज तू कशावर ऐकून बनवलेस?" मामांनी विचारले.

"हेडफोनवर."

"आणि नाटक काय एकेका प्रेक्षकाच्या कानात शिरून करणार आहात?"

"मामा, टोमणे नंतर. आधी उपाय सांगा. आणि तुमचा डबा म्हणून पिवळ्याची बाजू घेऊ नका."

"पण पेटी परत करू नकोस हं," बेकरीदादा घाईने म्हणाला. "पत्रातला वाघ पुन्हा नको."

"बाजू कोण घेतंय? कागद काढ," मामा म्हणाले. "कुठला डबा चांगला ते सोड. एकोणीस जागा लिही. प्रत्येकीपुढे लिही, आवाज कधी बदलतो."

भाची लिहू लागली. काचेचा नंबर तपासावा तशी ती एकेक जागा तपासत होती. सोळा ठिकाणी आवाज दोन सुरांमधल्या शांततेत बदलत होता आणि पूर्णपणे बदलत होता. तिथे पेटीला तोड नव्हती. बारा, तेरा आणि चौदापाशी तिची पेन्सिल थांबली.

"मामा," ती हळूच म्हणाली, "हे तीन आवाज नाहीतच. एकच आहे. वाढत जाणारा. मी उगाच त्याचे तुकडे केले."

"मग वाढव."

"कशाने?" तिने माझ्याकडे पाहिले. 'मूळ' पूर्ण ठेवले की माझ्यातून नितळ आवाज जातो आणि ते हळूहळू उतरवले की गर्जना वर येते, मध्ये कुठेही खंड न पडता. "पण हे बटण शेंगदाण्याएवढं आहे. दोन्ही हात तारांवर. फिरवू काय, नाकाने?"

मामांनी एका मोडक्या रेडिओचे स्टेशन लावायचे चाक काढले, बशीएवढे. त्याला रबराची कडी बसवली, माझ्या तिसऱ्या बटणावर घट्ट अडकवली आणि मला फळीवर पेटीच्या आधी ठोकले, तेही दोन इंच उंच ठोकळ्यावर, म्हणजे चुकून पाय पडायला नको. मी विदूषकासारखा दिसत होतो. भाचीने बुटाच्या टोकाने चाक फिरवून पाहिले. टेबलावरचे स्क्रू नाचू लागले. मित्रांनो, ती चक्क ओरडली!

शनिवारी सकाळी तिने हॉल तासभर मागून घेतला. हेडफोन घरीच ठेवले. बेकरीदादाला ड्रम वाजवायला लावून तिने पेटीतले सोळाही आवाज त्या भिंतींच्या साक्षीने पुन्हा लावले. खालचा घुमारा कमी, मधली धार जास्त. वादळाच्या तीन जागांची मिळून एकच, बारावी जागा तिने पेटीत अगदी कोरी ठेवली, माझा आवाज जसाच्या तसा पुढे जाईल अशी.

दुपारी पडदा उघडला. रेकॉर्डिंगवाले मागच्या रांगेत येऊन बसले होते. एक, दोन, तीन… नवव्या जागेपर्यंत सगळे चोख. आणि मग दीपगृहाच्या म्हाताऱ्याचे काम करणारे नट घाबरले की काय कोण जाणे, त्यांनी मधले दोन प्रवेश गिळले आणि थेट आरोळी ठोकली, "दिवा विझला!"

वादळ! आत्ता! आणि पेटी नवव्या जागेवर!

बाई ताडकन उठल्या. भाचीने डावा तळवा तारांवर दाबून गिटार मुकी केली. तिचा बूट पेटीवर पडला. दहा. बेकरीदादाने तो बूट पाहिला आणि काही न विचारता ड्रमवर लांबलचक गडगडाट सुरू केला. अकरा. बारा! तळवा उठला, सूर सुटला, नितळ, शांत पाण्यासारखा. तिने मला दाबले आणि बुटाचे टोक चाकावर आले.

अहाहा, मित्रांनो! माझ्या तारातारांतून तो सूर चढत होता. मऊ, खरखरीत, दातेरी, आणि मग असा काही गरजलो की समोरच्या रांगेत बसलेल्या, बाईंच्या सहायकाने खुर्चीचे हात पकडले. कुठे खंड नाही, कुठे चिखल नाही. ड्रमच्या वर, नटांच्या आवाजाखाली, नेमका जिथे समुद्र असायला हवा तिथे मी होतो. म्हाताऱ्याची आरोळी संपली, चाक उलटे फिरले, पाणी शांत झाले आणि पेटीने पुढचा मऊ सूर अलगद हातात घेतला.

शेवटी बाई रंगमंचावर आल्या. आधी त्या म्हाताऱ्याच्या नटाकडे वळल्या. "तुमच्याशी मी नंतर बोलते." मग मागच्या रांगेकडे हात हलवला. "माफ करा हो, तुम्हाला उगाच त्रास दिला. तुम्ही निघा." मग भाचीसमोर येऊन त्या तिच्या पायांकडे बघत राहिल्या.

"ही खुर्ची," त्या म्हणाल्या, "दोन हात पुढे घ्या. पाय काय करतो ते लोकांना दिसायला हवं."

बेकरीदादाने खुर्ची उचलली, भाची गिटारसकट अजून तिच्यावरच बसलेली असताना.

त्यानंतर नाटकाचे पुष्कळ प्रयोग झाले. पेटी आणि मी आता एका फळीवर राहतो. तिला माझा उंच ठोकळा खुपतो आणि मला तिचे दिवे, पण आमचे जमते. ट्यूनर, कॉम्प्रेसर आणि ऑक्टेव्ह मात्र खणातच राहिले. त्यांची कामे पेटी करते. तक्रारीला जागा नाही. वाईट एवढेच की त्यांच्या पोटातले सेल काढायचे राहून गेले. दोन महिन्यांनी खण उघडला तेव्हा ऑक्टेव्हचा सेल पाझरून आतल्या पट्ट्या हिरव्या झाल्या होत्या. मामांनी ब्रशने घासून त्याला वाचवले आणि केसभर चूक न खपणाऱ्या भाचीला चांगलेच फैलावर घेतले. "टाकायचं नव्हतं तर सेल काढून का नाही ठेवलास? आणि वापरायचं नव्हतं तर दिलं का नाहीस?" आता ते तिघे दवाखान्यातल्या एका नर्सबाईंकडे आहेत. त्या नुकत्याच बास शिकू लागल्या आहेत आणि ऑक्टेव्हवर फार खूश आहेत, असे ऐकतो.

म्हणून मित्रांनो, एवढेच मागणे. नवी वस्तू आली म्हणून जुनीला हिणवू नका आणि जुनीची माया आहे म्हणून नवीला दाराबाहेर उभे करू नका. काम काय आहे ते आधी कागदावर लिहा आणि ज्या जागी काम करायचे त्या जागी वस्तू पारखा. जी उरेल तिच्या पोटातला सेल काढा, धूळ पुसा आणि ती वाजवणाऱ्या हातांत सोपवा. खणात ठेवलेल्या मायेने आम्हाला गंज चढतो.

थांबा, तिसरी घंटा झाली. आता मला गप्प बसायला हवे. वादळाला अजून पाऊण तास आहे!